ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी त्याची तांत्रिक कागदपत्रे कशी तपासावीत

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर मेमरी किती, वीज किती लागणार आणि मॉनिटर किती जोडता येतील हे सगळे छापलेले असते. त्या कार्डावरच्या चिपला आज्ञा कशा द्यायच्या याची माहिती कंपनीने प्रसिद्ध केली आहे की नाही, हे मात्र कोठेच छापलेले नसते. प्रोसेसरच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरांची हजारो पानांची माहितीपुस्तके कोणालाही मोफत मिळतात आणि त्यांच्या आधाराने कोणीही कंपायलर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम लिहू शकतो. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत अनेक कंपन्या तयार ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञा चिपपर्यंत पोहोचवणारा प्रोग्राम) तेवढा हातावर ठेवतात आणि तो ज्या माहितीवरून लिहिला ती ताकास तूर लागू न देता स्वतःजवळ राखतात.

याचा परिणाम खरेदीच्या दिवशी जाणवत नाही. माझ्या एका लॅपटॉपवर कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नवी आवृत्ती बसवली, त्या दिवशी तो मला जाणवला: यंत्र सुरू झाले, पंखा फिरू लागला आणि पडदा काळाच राहिला. ज्या कंपनीची चिप होती, तिने त्या पिढीसाठी ड्रायव्हर काढणे बंद केले असल्याचे उत्तर दोन ओळींत पाठवले. कार्डात कसलाही बिघाड नव्हता. ड्रायव्हर दुरुस्त करू शकणारी, किंबहुना फुकट दुरुस्त करून द्यायला तयार असणारी माणसेही होती. त्यांच्याजवळ केवळ माहिती नव्हती. तेव्हापासून कोणतेही कार्ड घेण्याआधी मी ज्या गोष्टी तपासतो, त्या येथे क्रमाने मांडल्या आहेत. तपासणीचे उदाहरण लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे घेतले आहे, कारण तेथे ड्रायव्हर कोणाचा, कोणत्या परवान्याचा आणि कशावर विसंबलेला हे उघड पाहता येते. मात्र यातून निघणारे निष्कर्ष कोणत्याही प्रणालीवर काम करणाऱ्याला उपयोगी पडतील.

कागदपत्रे म्हणजे नेमके काय

“या कार्डाची कागदपत्रे उपलब्ध आहेत का?” असा एकच प्रश्न विचारला, तर उत्तर नेहमीच फसवे मिळते, कारण कागदपत्रे अनेक प्रकारची असतात आणि कंपन्या त्यांतली सोयीची तेवढी देतात. पहिला प्रकार रजिस्टरांच्या संदर्भपुस्तिकेचा. चिपच्या आत ठरावीक पत्त्यांवर छोटे छोटे कप्पे असतात, बहुधा ३२ बिटांचे, आणि त्यांत योग्य आकडा लिहिला की मॉनिटरची जोडणी सुरू होते, चित्राचे रिझोल्युशन बदलते किंवा पंख्याचा वेग वाढतो. कोणत्या पत्त्यावर कोणता कप्पा आहे, त्यातल्या कोणत्या बिटाचा अर्थ काय आणि कोणत्या क्रमाने लिहिले नाही तर चिप अडकून बसते, हे या पुस्तिकेत असते. दुसरा प्रकार सूचनासंचाचा. शेडर म्हणजे चिपच्या शेकडो गणनाघटकांवर चालणारा छोटा प्रोग्राम, आणि तो ज्या भाषेत चिपपर्यंत पोहोचतो त्या भाषेचे व्याकरण सूचनासंचात दिलेले असते. तिसरा प्रकार आज्ञांच्या पॅकेटांचा: प्रोसेसर मेमरीत आज्ञांची रांग तयार करतो, चिप ती एकेक करून उचलते, आणि त्या पॅकेटांची रचना ठाऊक असल्याखेरीज त्रिमितीय चित्रणातला एक त्रिकोणसुद्धा काढता येत नाही. याखेरीज वीज आणि घड्याळाचा वेग सांभाळणारा भाग, व्हिडिओ उलगडणारा भाग आणि चिपमधल्या लहान नियंत्रकांवर चालणारे फर्मवेअर हे तीन विषय वेगळे आहेत, आणि सर्वांत जास्त पाणी तेथेच मुरते.

एएमडीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एटीआय ही ग्राफिक्स चिप बनवणारी कंपनी विकत घेतल्यानंतर एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपची माहिती खुली करण्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात पहिल्या रजिस्टर पुस्तिका प्रसिद्ध केल्या. परंतु त्यांतून मुख्यतः मॉनिटरवर चित्र उमटवण्यापुरते काम होत होते. त्रिमितीय भागाची माहिती २००८ आणि २००९ मध्ये टप्प्याटप्प्याने आली. व्हिडिओ उलगडण्याच्या भागासाठी खुला कोड मिळायला तर एप्रिल २०१३ उजाडले, कारण त्या भागाची गुंफण चित्रपटांची नक्कल रोखण्यासाठी केलेल्या कुलूपव्यवस्थेशी होती आणि एकाची माहिती देताना दुसऱ्याचे कुलूप उघडे पडेल अशी धास्ती होती. माहिती देण्याचा निर्णय मनापासून घेतलेल्या कंपनीलाही इतका वेळ लागला. म्हणून कार्ड तपासताना आपल्याला त्यातला कोणता भाग वापरायचा आहे हे आधी ठरवावे आणि त्याच भागाची कागदपत्रे शोधावीत. प्रगत भागांची माहिती नेहमी शेवटी येते आणि बरेचदा येतच नाही.

आधी चिप ओळखावी, नावावर जाऊ नये

बाजारातले नाव आणि आतली चिप यांचा संबंध वाटतो तितका घट्ट नसतो. एनव्हिडियाच्या जीटी ७३० या एकाच नावाखाली फर्मी आणि केपलर अशा दोन निराळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. फर्मीसाठीचा कंपनीचा आधार ३९० क्रमांकाच्या ड्रायव्हर शाखेबरोबर संपला, तर केपलरचा ४७० क्रमांकाच्या शाखेबरोबर. खोके सारखे, आयुष्य मात्र वेगळे.

कंपनीच्या नावाचीही हीच गत आहे. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सची माहितीपुस्तके वर्षानुवर्षे उघड मिळत आली आहेत आणि त्यांचे मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत. या लौकिकावर विसंबून अनेकांनी जीएमए ५०० असलेली छोटी यंत्रे घेतली. त्या चिपमधला ग्राफिक्सचा गाभा इंटेलचा नव्हताच, तो इमॅजिनेशन कंपनीकडून परवान्यावर घेतलेला पॉवरव्हीआर होता आणि त्याची माहिती देण्याचा अधिकार इंटेलकडे नव्हता. ती यंत्रे घेणारे लोक पुढे कित्येक वर्षे धड चालणाऱ्या ड्रायव्हरच्या शोधात राहिले. म्हणून चिपचा गाभा कोणी रचला, हा प्रश्न विक्रेत्याच्या नावापलीकडे जाऊन विचारावा.

यंत्र हाताशी असेल तर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ हा पर्याय जोडून (lspci -nnk) चालवावी. ग्राफिक्सच्या ओळीत चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन संकेतांक दिसतात: पहिला उत्पादकाचा आणि दुसरा त्या विशिष्ट चिपचा. एएमडीचा संकेतांक १००२, इंटेलचा ८०८६ आणि एनव्हिडियाचा १०डीई असतो. दुसरा संकेतांक टिपून घ्यावा आणि पुढचा सगळा शोध त्याच्या आधारे घ्यावा. त्याखालच्या ओळीत सध्या कोणता कर्नल ड्रायव्हर वापरात आहे हेही लिहिलेले असते. यंत्र हाताशी नसेल, तर विक्रेत्याकडे चिपचे सांकेतिक नाव आणि हा संकेतांक मागावा. जो विक्रेता तो देऊ शकत नाही, त्याच्याकडून मी कार्ड घेत नाही.

चालू यंत्राकडून मिळणारी साक्ष

ड्रायव्हर चालतो आहे याचा अर्थ त्याची माहिती खुली आहे असा होत नाही. हे पारखण्याची एक अचूक जागा कर्नलनेच करून ठेवली आहे. प्रॉक, सिस, कर्नल या क्रमाने खाली गेल्यावर ‘टेंटेड’ नावाची एक फाइल (/proc/sys/kernel/tainted) असते आणि तिच्यात एकच संख्या असते. शून्य असेल तर कर्नलमध्ये बाहेरचे काहीही शिरलेले नाही. संख्या विषम असेल तर यंत्र सुरू झाल्यापासून निदान एक मालकी परवान्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा कोडचा तुकडा) आत गेले आहे, कारण त्या खुणेसाठी पहिला बिट राखून ठेवला आहे. कर्नलच्या मूळ स्रोताबाहेर बांधलेल्या मॉड्यूलची खूण ४०९६ ही आहे. दोन्ही एकत्र आल्या की ४०९७ दिसतो. मॉड्यूल काढून टाकले तरी ही खूण यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत पुसली जात नाही, म्हणून ही तपासणी नव्याने सुरू केलेल्या यंत्रावरच करावी.

यानंतर ‘मॉडइन्फो’ (modinfo) ही आज्ञा त्या ड्रायव्हरच्या नावासह चालवावी आणि दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली परवान्याची ओळ. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, म्हणजे फर्मवेअरच्या ओळी. एएमडीच्या ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हरचा स्रोत पूर्णपणे खुला असून तो २०१५ मध्ये कर्नलच्या ४.२ आवृत्तीत आला. तरीही त्याच्यासमोर फर्मवेअर फाइलींची लांबलचक यादी येते आणि त्या सगळ्या फाइली स्रोताविना मिळणाऱ्या आहेत. याचा अर्थ एएमडीचे कार्ड घेऊ नये असा नाही. मी स्वतः तेच वापरतो. पण ‘संपूर्ण खुले’ या शब्दांचा प्रत्यक्ष अर्थ किती, हे डोळ्यांनी पाहून मग निर्णय घ्यावा.

पुस्तिका उघडून पाहावी

चिपचे नाव हाती आले की मूळ कागदपत्रे उघडावीत. ती आहेत असे कोणी सांगितले, एवढ्यावर थांबू नये. एएमडी आपल्या आरडीएनए मालिकेच्या सूचनासंचाच्या पुस्तिका जीपीयूओपन या स्थळावर देते आणि २०२४ पासून त्या संगणकाला थेट वाचता येतील अशा रूपातही देते. इंटेलची प्रोग्रामरसाठीची माहितीपुस्तके पिढीनुसार अनेक खंडांत असतात. एनव्हिडियाने २०१३ पासून काही कागदपत्रे प्रसिद्ध करायला सुरुवात केली; ती उपयोगी असली तरी तुटक आहेत, त्यांत आज्ञांच्या पॅकेटांचे बरेच तपशील मिळतात, पण त्यावरून संपूर्ण ड्रायव्हर शून्यातून लिहिता येत नाही.

पुस्तिका उघडल्यावर पहिल्यापासून वाचण्याची गरज नाही. आपल्या चिपचे नाव शोधावे; मागच्या पिढीचीच पुस्तिका पुढे केलेली असते असे पुष्कळदा आढळते. मग एखादे रजिस्टर निवडून त्याच्या प्रत्येक बिटाचे वर्णन दिले आहे का ते पाहावे. ‘राखीव’ असा शेरा प्रत्येक पुस्तिकेत असतोच आणि त्यात वावगे काही नाही, परंतु वीज आणि घड्याळाच्या प्रकरणात पानेच्या पाने राखीव असतील, तर तो भाग मुद्दाम झाकला आहे असे समजावे. शेवटी प्रोग्राम लिहिताना पाळायचा क्रम सांगितला आहे का ते तपासावे. नुसत्या पत्त्यांची यादी म्हणजे शहरातल्या घरांचे क्रमांक. रस्ते कळल्याशिवाय त्या क्रमांकांनी कोठेही पोहोचता येत नाही.

कागदपत्रांच्या जागी कोणी स्रोत पुढे केला, तर तो स्वीकारावा, पण दोन्ही एकच मानू नयेत. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स प्रणालीसाठी एनव्हिडियाने पूर्वी दिलेला ‘एनव्ही’ हा ड्रायव्हर स्रोतासह मिळत असे, मात्र त्यात अर्थ न सांगणारे हेक्साडेसिमल आकडे इतके होते की तो वाचून चिप समजून घेणे बाहेरच्या माणसाला जवळजवळ अशक्य होते. २०१० मध्ये कंपनीने नव्या चिपसाठी त्याचा विकास थांबवला.

कागद असूनही कुलूप असते तेव्हा

या सगळ्यात वाचकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा मुद्दा स्वाक्षरी केलेल्या फर्मवेअरचा आहे. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल मालिकेच्या दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून, चिपमधले महत्त्वाचे नियंत्रक केवळ कंपनीची अंकीय स्वाक्षरी असलेले फर्मवेअरच स्वीकारतात. स्वयंसेवकांनी उभा केलेला नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर त्याआधीच्या केपलर कार्डांचे घड्याळ हाताने का होईना वाढवू शकत होता. जीटीएक्स ९०० आणि त्यानंतरच्या १००० (पास्कल) मालिकेत ही वाट बंद झाली. यंत्र सुरू होताना घड्याळाचा जो मंद वेग असतो, त्याच वेगावर ती कार्डे नूव्होखाली अडकून राहतात आणि शक्तिमान कार्ड एखाद्या जुन्या, स्वस्त कार्डासारखे वागते. रजिस्टर ठाऊक असले तरी त्यात लिहिण्याची परवानगी नसते.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपले कर्नल मॉड्यूल खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले, ही मोठी घटना होती यात शंका नाही. परंतु ते पास्कलनंतर आलेल्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठीच आहे, कारण त्या चिपमध्ये जीएसपी नावाचा वेगळा नियंत्रक असून घड्याळ सांभाळण्यासारखी कामे त्याच्यावर चालणाऱ्या, कंपनीने स्वाक्षरी केलेल्या फर्मवेअरकडे सोपवलेली आहेत. नूव्होलाही तेच फर्मवेअर वापरून ट्युरिंगपासून पुढची कार्डे पूर्ण वेगाने चालवता येऊ लागली आणि मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पातला एनव्हीके हा ड्रायव्हर (वल्कन या त्रिमितीय चित्रणाच्या मानकासाठीचा) त्यावर उभा राहिला. मधल्या मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांच्या वाट्याला हा पूर्ण वेग आला नाही, आणि कंपनीच्या मालकी ड्रायव्हरची ५८० ही शाखा त्यांच्यासाठी शेवटची ठरवली गेली आहे. जुने कार्ड स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने हा टापू नकाशावर ठळक रेघेने आखून ठेवावा.

कुलूप नेहमी चिप बनवणाऱ्याकडूनच लागते असेही नाही. एचडीएमआय २.१ या मॉनिटर जोडणीच्या मानकासाठी एएमडीने मुक्त ड्रायव्हरमध्ये कोड लिहून तयार ठेवला होता. त्या मानकाची मालकी असलेल्या एचडीएमआय फोरमने तो प्रसिद्ध करायला संमती दिली नाही, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झाले. ज्यांना ४के चित्र सेकंदाला १२० चौकटींच्या वेगाने हवे आहे, त्यांनी म्हणूनच डिस्प्लेपोर्टची जोडणी असलेले कार्ड आणि मॉनिटर निवडणे अधिक सुरक्षित आहे.

कंपनीला पत्र कसे लिहावे

कागदपत्रे न सापडल्यास विचारणा लेखी करावी. “लिनक्सवर चालते का?” असे विचारले की “होय, आमचा ड्रायव्हर उतरवून घ्या” एवढेच उत्तर येते आणि प्रश्न तेथेच संपतो. मी वापरतो तो मसुदा असा आहे:

“आपल्या अमुक चिपवर आधारलेली कार्डे खरेदी करण्याचा आमचा विचार आहे. त्या चिपची रजिस्टर संदर्भपुस्तिका, शेडरचा सूचनासंच आणि आज्ञा-पॅकेटांची रचना कोणत्याही गोपनीयता कराराविना उपलब्ध आहे काय? असल्यास कोठे? चिपला स्वाक्षरी केलेले फर्मवेअर लागत असल्यास ते पुनर्वितरणाच्या परवानगीसह मिळते काय? आपला अधिकृत आधार संपल्यावर ही माहिती प्रसिद्ध करण्याचे आपले धोरण आहे काय? यांपैकी ज्या भागाची माहिती देता येत नाही, त्याचे कारण कृपया कळवावे.”

कारण विचारण्याला महत्त्व आहे, कारण सगळी कारणे सारख्या वजनाची नसतात. तिसऱ्या पक्षाकडून परवान्यावर घेतलेली रचना हे खरे बंधन असते. पेटंटच्या दाव्यांची भीतीही खरी असते: माहिती उघड झाली की प्रतिस्पर्ध्याचे वकील ती वाचतात. प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक पान कायद्याच्या चाळणीतून काढावे लागते आणि त्याचा खर्च येतो, हेही मान्य करावे. “स्पर्धक नक्कल करतील” हे कारण मात्र मला पटत नाही, कारण रजिस्टर कोठे आहे हे कळल्याने चिप कशी घडवावी हे कळत नाही, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांकडे चिप उलगडून पाहण्याची साधने असतातच. यात अंधारात राहतो तो कार्ड विकत घेणारा. पत्र एकट्याने पाठवण्यापेक्षा संस्थेच्या वतीने, अपेक्षित संख्येच्या उल्लेखासह पाठवले तर ते विक्री विभागातून अभियंत्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

उत्तरात गोपनीयता करार पुढे आला, तर सही करण्यापूर्वी एकच कलम शोधावे: या माहितीवरून लिहिलेला स्रोत, त्यातल्या स्पष्टीकरणाच्या टिपांसह, प्रसिद्ध करता येईल का? तशी लेखी मुभा नसेल तर सही करू नये. ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे विकासक असे करार मुळातच नाकारतात, आणि त्यामागचा विचार व्यवहाराचा आहे: करारात बांधलेला माणूस प्रकल्प सोडून गेला की त्याच्यामागे उरलेला कोड कोणालाच समजत नाही.

काहीच मिळाले नाही तर

मग उरतो तो उलट अभियांत्रिकीचा मार्ग, आणि तो केवळ तज्ज्ञांचा आहे असे मानून सोडून देऊ नये. नोंदी गोळा करण्याचे काम कार्ड जवळ असलेला कोणीही करू शकतो. नूव्होच्या गरजेतून वाढलेले ‘एमएमआयओट्रेस’ हे साधन २.६.२७ आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. ते सुरू केल्यावर एक सोडून बाकीचे प्रोसेसर गाभे आपोआप बंद होतात, कारण अन्यथा काही नोंदी निसटतील. नंतर कंपनीचा ड्रायव्हर चढवला की तो चिपच्या पत्त्यांवर जे जे लिहितो आणि वाचतो, त्याची एकेक ओळ उमटू लागते: आरंभी ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिले किंवा ‘आर’ म्हणजे वाचले, मग किती बाइट, कोणत्या क्षणी, कोणत्या पत्त्यावर आणि कोणता आकडा. अशा ओळींचा ढीग काही क्षणांत लाखांवर जातो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, उदाहरणार्थ पडद्याचा उजेड, आणि बदलण्याआधी व नंतर नोंदीत स्वतःची खूण लिहून ठेवावी. साधनात तशी सोय आहे. तीच कृती वेगळ्या उजेडावर पुन्हा करून दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की लाखो ओळींतून एकाच पत्त्यावरचा एकच आकडा बदललेला दिसतो. त्या पत्त्याचे काम काय, हे त्या क्षणी कळलेले असते.

नोंदी घेणारा आणि ड्रायव्हर लिहिणारा ही माणसे शक्यतो वेगळी असावीत: एकाने निरीक्षणांवरून वर्णन लिहावे आणि दुसऱ्याने केवळ ते वर्णन वाचून कोड लिहावा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप टिकत नाही. परस्परसुसंगतीसाठी अशा अभ्यासाला युरोपीय संघाच्या २००९ च्या संगणक प्रोग्रामविषयक निर्देशात मर्यादित मुभा आहे, पण देशोदेशीचे कायदे निराळे आहेत आणि ड्रायव्हरचा परवाना आधी वाचलेला बरा. कंपनीच्या ड्रायव्हरचा फुटलेला स्रोत कोणी देऊ केला, तर त्याला हातही लावू नये. तो पाहिलेल्या माणसाचे योगदान मुक्त प्रकल्पांना स्वीकारता येत नाही.

या मार्गाला लागणारा वेळ आधीच गृहीत धरावा. ॲपलने एम१ चिपची यंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आणली, तिच्या ग्राफिक्सची माहिती दिली नाही, आणि ॲपलच्या यंत्रांवर लिनक्स चालवू पाहणाऱ्या ‘असाही’ प्रकल्पाच्या विलक्षण कुशल विकासकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरला ओपनजीएल ईएस ३.१ या ग्राफिक्स मानकाची अधिकृत मान्यता ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली. जवळजवळ तीन वर्षे ज्या शोधात गेली, त्याची उत्तरे कंपनीच्या कपाटात पहिल्या दिवसापासून होती.

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते बहुतेक जण विसरतात. आपल्या कार्डाची पुस्तिका मिळाली असेल, तर तिची प्रत त्याच दिवशी स्वतःजवळ उतरवून ठेवावी आणि तिच्यावर चिपचा संकेतांक, पुस्तिकेची आवृत्ती व उतरवल्याची तारीख लिहावी. कंपन्यांची संकेतस्थळे बदलतात, विभाग बंद होतात, दुवे तुटतात; एक्स प्रणाली सांभाळणाऱ्या एक्स.ऑर्गने एएमडी आणि इंटेलच्या जुन्या पुस्तिका आपल्याकडे साठवून ठेवल्या म्हणून त्यांतल्या अनेक आजही वाचायला मिळतात. पुस्तिकेच्या परवान्यात पुनर्वितरणाची मुभा असेल, तर दुसरी प्रत अशाच एखाद्या सार्वजनिक संग्रहाकडे पाठवावी.